मरीन लाइन्सची पलटण

जहाज हाकायला खलाशी लागतो, तोफ डागायला गोलंदाज लागतो. मग त्याच जहाजावर खांद्याला बंदूक लावून उभा राहणारा, शिडाच्या दोरीला हात न लावणारा पायदळाचा शिपाई कशाला हवा? दर्यावर्दी माणसाला तो अडगळच वाटत आला. तुफान उठलं की त्याचा उपयोग शून्य, आणि पिंपातल्या पाण्यात वाटा मात्र पुरता. तरीही ज्या ज्या सत्तेने समुद्रावर लष्करी जहाजं ठेवली, तिने ही अडगळ मुद्दाम सांभाळली. स्पेनने सोळाव्या शतकात असं पायदळ उभं केलं. इंग्लंडने 1664 साली जहाजांवर चढवण्यासाठी म्हणून 1,200 शिपायांची वेगळी रेजिमेंट काढली.

याची कारणं दोन. पहिलं उघड आहे. जहाजाला जहाज भिडलं की तोफा मागे पडतात आणि काम बंदूक-तलवारीवर येतं. किनाऱ्यावर उतरायचं तर उतरणारे शिस्तीत गोळी झाडणारे हवेत. दुसरं कारण कुणी फारसं मोठ्याने बोलत नसे. खलाशी उलटले तर कप्तानाला वाचवणार कोण? ब्रिटिश लढाऊ जहाजांवर या शिपायांच्या, म्हणजे मरीनांच्या, झोळ्या अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि खलाशांच्या झोपायच्या जागा यांच्या मधोमध टांगलेल्या असत. ही मांडणी काही योगायोगाने झालेली नव्हती.

मुंबईत अशी एक पलटण होती. 1777 साली ती उभी राहिली आणि 1933 साली मोडली. दीडशे वर्षांहून जास्त आयुष्य लाभलेल्या या पलटणीचं नाव रोज लाखो लोक घेतात, पण ते उतरायचं स्टेशन म्हणून. चर्चगेटनंतरचं पहिलं स्टेशन मरीन लाइन्स, म्हणजे मरीन बटालियनच्या लाइनी, शिपायांची वस्ती. समोरच्या मरीन ड्राइव्हशी तिचा काही संबंध नाही. तो रस्ता विसाव्या शतकात समुद्र हटवून केला. पलटणीच्या काळी तिथे बॅक बेचं पाणी होतं.

ही पलटण इंग्रजांनी काढली म्हणून जहाजावर शिपाई बसवण्याची युक्ती त्यांनी इथे आणली असं मानायचं कारण नाही. मराठ्यांच्या आरमारात ती आधीपासून होती. आज्ञापत्रात आरमाराची जी बांधणी सांगितली आहे, तिच्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा होतो. गुराबीची नाळ लांब, निमुळती आणि बसकी. तिच्यावरच्या तोफा समोरच्या समोर मारा करत. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवर पळणारं, वारा पडला तर गुराबीला दोर लावून ओढून नेणारं. आंग्र्यांची लढाईची रीत याच जोडीवर उभी होती. गुराबीने शत्रूची डोलकाठी आणि शिडं फाडायची, तो जागेवर खिळला की गलबतांनी त्याच्या पिछाडीला, जिथे तोफा कमी असतात तिथे जाऊन भिडायचं, आणि मग तलवारी उपसून वर चढायचं. वल्ही मारणारे वेगळे आणि चढणारे वेगळे. चढणाऱ्यांना कुणी मरीन म्हटलं नाही, एवढंच.

ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार म्हणजे बॉम्बे मरीन. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेच्या खाडीत ते जन्माला आलं आणि पुढे मुंबई बंदरात वाढलं. त्याला सुरुवातीला स्वतःचे शिपाई नव्हते. मुंबईच्या गडावर जी फौज असे, तिच्यातून मोहिमेपुरती माणसं मागून घ्यायची, जहाजावर घालायची आणि परतल्यावर पुन्हा फौजेत पाठवायची, असा उसनवारीचा कारभार होता. सुवर्णदुर्ग 1755 साली पडला, विजयदुर्ग 1756 साली पडला, तुळाजी आंग्रे संपला, तरी मुंबईकर इंग्रजांची धाकधूक संपली नाही, कारण विजयदुर्ग आता थेट पेशव्यांच्या हाती आला आणि तिथल्या आरमाराचा सुभा पुढे धुळप घराण्याकडे गेला. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टीवर हात टाकला, ठाण्याचा किल्ला घेतला आणि मराठ्यांशी उघड युद्ध जुंपलं. 1775 सालच्या सुरुवातीला ‘रिव्हेंज’ आणि ‘बॉम्बे’ या कंपनीच्या जहाजांनी मराठी आरमाराला गाठलं. त्यात ‘समशेरजंग’ हे 46 तोफांचं जहाज दारूगोळ्यासकट उडालं. त्यानंतर दोन वर्षांनी मुंबई सरकारने समुद्रासाठी स्वतंत्र पलटण उभी केली. युद्ध चालू असताना उसनवारी परवडत नाही, हे कळायला त्यांना एवढा वेळ का लागला, याचंच नवल वाटतं.

त्या काळात समुद्रावरची जवळून जुंपलेली लढाई कशी असे, हे 8 एप्रिल 1783 च्या एका प्रसंगावरून कळतं. ‘रेंजर’ नावाची कंपनीची 12 तोफांची ब्रिग मुंबईहून दक्षिणेला निघाली होती. टिपूशी चाललेल्या युद्धावर जाणारे काही बडे लष्करी अधिकारी तिच्यावर होते. विजयदुर्गाच्या टापूत आनंदराव धुळपांच्या आरमाराने तिला घेरलं. सालबाईचा तह झाला होता, पण ती बातमी या पाण्यात पोचली नव्हती, किंवा पोचूनही कुणी मनावर घेतली नाही. ब्रिगेचा कप्तान प्रुएन तोफा चालतील तोवर लढला. मग दोन्ही बाजूंनी गलबतं भिडली, माणसं कठड्यावरून आत आली आणि लढाई डेकच्या फळ्यांवर आली. जहाजावरचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी ठार तरी झाले किंवा जखमी तरी. कर्नल हंबरस्टन जखमी अवस्थेत विजयदुर्गाला नेला गेला आणि तिथेच वारला. धुळपांच्या या विजयाचा आनंद पुण्यात झाला खरा, पण तहानंतर घेतलेलं जहाज म्हणून शेवटी ते परत द्यावं लागलं. मुंबईत मात्र याचा धडा सरळ होता. या किनाऱ्यावर जहाज तोफांनी वाचत नाही, कठड्याशी उभ्या असलेल्या माणसांनी वाचतं.

तेव्हा मरीन बटालियनचा शिपाई दिवसभर करी काय? लढाया वर्षावर्षांच्या अंतराने होत. मधल्या काळात त्याचं काम एकच, पहारा. बंदुकांच्या पेटीवर पहारा, दारूच्या कोठारावर पहारा, कप्तानाच्या खोलीच्या दाराशी पहारा, शिडीच्या तोंडाशी पहारा, आणि लांबच्या सफरीत पिण्याच्या पाण्याच्या पिंपांवरही. खलाशी बहुतेक कोकण आणि काठेवाडच्या किनाऱ्यावरचे, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. शिपायांवर त्यांचा हवालदार किंवा जमादार. हे दोन कारभार एकाच फळीवर चालत आणि एकमेकांत मिसळू नयेत याची काळजी अधिकारी घेत. खलाशाने शिपायाशी फार दोस्ती केली, तर पहाऱ्याला अर्थ काय उरला? मात्र भिडण्याची वेळ आली की हेच शिपाई कठड्याशी ओळीने उभे राहून बंदुका झाडत, आणि किनाऱ्यावर उतरायचं ठरलं तर पहिल्या होडीत हेच बसत. चापाची बंदूक, गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी, खाऱ्या वाऱ्यात आणि उडणाऱ्या पाण्यात कोरडी ठेवणं हे यातलं सर्वांत कटकटीचं काम. दारू दमट झाली की बंदुकीची काठी होते. मग संगीन हाच आधार.

जमिनीवर आला की तो एस्प्लनेडच्या पश्चिम कडेला, सोनापूरच्या स्मशानाशेजारी, आपल्या लाइनीत परतत असे. मुंबईच्या किल्ल्याभोवती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं राखलेलं मैदान म्हणजे एस्प्लनेड. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याचीच तुकडे पडून उरलेली मैदानं. एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला स्मशान, समोर समुद्र. शिपायांना राहायला दिलेली जागा ती ही.

आता प्रश्न असा, की हे शिपाई समुद्रावर गेलेच कसे? बंगालच्या लष्करात समुद्रपर्यटनाचा प्रश्न वारंवार पेटला. 1824 साली बराकपूरला ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर जायला कुरकुरणाऱ्या शिपायांवर तोफा चालवल्या गेल्या. मुंबईच्या लष्करात तसं घडलं नाही, याचं श्रेय इंग्रज अधिकारी आपल्या शिस्तीला देत. ते अर्धंच खरं आहे. मुंबईच्या रांगेत कोकणातले मराठे, भंडारी, महार, मुसलमान, बेने इस्रायली आणि पुढे अयोध्येकडचे पुरभय्ये असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे असत, आणि रांग जातीवर नव्हे तर उंचीवर लागे. कोकणच्या माणसाला समुद्र म्हणजे काळं पाणी नव्हतं, रोजचा शेजार होता. बेने इस्रायलींचं उदाहरण तर बोलकं आहे. मांडवीतलं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर हा मुंबई लष्करातला देशी कमांडंट होता, आणि तो टिपूच्या कैदेतून सुटून आला होता. महारांची भरती इंग्रजांनी सरसकट केली आणि 1892 मध्ये तितक्याच सहजपणे बंद केली, ‘लढाऊ जाती’ नावाचं नवं शास्त्र हाती आल्यावर. महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी या बंदीविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. जहाजावर आणि किनाऱ्यावर शंभर वर्षं चाललेले लोक एका सकाळी ‘लढाऊ’ नाहीत असं ठरलं, याहून मोठा विनोद मुंबई लष्कराच्या इतिहासात सापडत नाही.

पलटणीचं खरं कामाचं पाणी होतं इराणच्या आखाताचं. मुंबईहून बुशहर, बसऱ्याकडे जाणारा व्यापार, त्याच वाटेने जाणारं टपाल, आणि वाटेत रास अल-खैमाचे कासिमी अरब. कंपनीच्या कागदांत ते ‘चाचे’ आहेत. हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे, कारण याच कागदांत कान्होजी आंग्रेही चाचेच आहेत. आपल्या परवान्याविना जो समुद्रावर हक्क सांगतो तो चाचा, अशी ती व्याख्या होती. शारजाचे सत्ताधीश सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी आपल्या पूर्वजांवरचा हा डाग पुसायला 1986 साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. कान्होजींच्या बाबतीत ते काम मराठी इतिहासकारांनी आधीच केलं होतं. लूट झाली नाही असं मुळीच नाही. कंपनीची छोटी जहाजं कासिमींनी पकडली, माणसं मारली, हे घडलं. पण त्याची शिक्षा म्हणून जे झालं, ते पोलिसी कारवाईच्या मापात बसणारं नव्हतं.

नोव्हेंबर 1819 मध्ये मुंबईहून मेजर-जनरल विल्यम ग्रँट कीरच्या हाताखाली सुमारे 3,000 लढवय्यांची फौज निघाली. गोऱ्या दोन रेजिमेंटी, मुंबईच्या देशी पायदळाची एक पलटण, आणि निवडक तुकड्यांत मरीन बटालियनचीही. मस्कतचा सुलतान सय्यद सईद आपली जहाजं आणि हजारो माणसं घेऊन सामील झाला, कारण कासिमी त्याचेही शत्रू. डिसेंबरच्या सुरुवातीला फौज रास अल-खैमाला उतरली. शहर समुद्रात शिरलेल्या वाळूच्या जिभेवर वसलेलं, जमिनीच्या बाजूला तट आणि बुरूज. वाळूची पोती रचून खंदक पुढे सरकवायचे, जहाजांवरच्या जड तोफा उतरवून वाळूतून ओढायच्या, आणि रात्री तटावरून होणारे छापे परतवायचे, असं आठवडाभर चाललं. 9 डिसेंबरला शहर पडलं. बंदरातल्या होड्या जाळल्या गेल्या, तट सुरुंगाने उडवले गेले. जानेवारी 1820 मध्ये किनाऱ्यावरच्या एकेका शेखाने तहावर शिक्का मारायला सुरुवात केली. आजच्या संयुक्त अरब अमिरातींची पायाभरणी या कागदापासून सांगितली जाते.

त्यानंतर जे झालं, ते मुंबईच्या शिपायांना महागात पडलं. कीर परतला आणि मागे राहिलेल्या शिबंदीचा मुख्य, टी. पेरोनेट थॉम्प्सन, याने नोव्हेंबर 1820 मध्ये ओमानच्या आतल्या भागात बनी बू अली जमातीवर चाल केली. वाळूत, खजुरांच्या बनांजवळ, शिपायांची रांग अजून मांडली जात असतानाच अरब तलवारी घेऊन अंगावर आले. एक फैर झाडून दुसरी भरायला सवड मिळाली नाही. मुंबईची तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली. थॉम्प्सन वाचला, त्याच्यावर कोर्टमार्शल चाललं, आणि तरीही पुढे तो इंग्लंडात सुधारक खासदार म्हणून नावारूपाला आला. मुंबईहून मार्च 1821 मध्ये मोठी फौज सूड उगवायला गेली आणि तिने तो उगवला. त्या वाळूत पडलेल्या शिपायांची नावं कुठल्या शाळेच्या पुस्तकात आली नाहीत.

मधल्या तीस-पस्तीस वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पहाऱ्याची हकीकत लांबवण्यात अर्थ नाही. 1830 साली बॉम्बे मरीनचं नाव बदलून इंडियन नेव्ही झालं. त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुवेझकडे निघाली आणि शिडांचे दिवस भरत आले. आगबोट भिडत नाही, दुरून मारते. म्हणजे कठड्याशी उभा राहणारा शिपाई तिला पूर्वीइतका लागत नाही. पलटणीला पायदळाच्या यादीत 21 क्रमांक मिळाला होता. कंसात ‘मरीन बटालियन’ हे नाव राहिलं, पण माणसं दिवसेंदिवस जमिनीवरचीच होत गेली.

अशा अवस्थेत 1857 उजाडलं.

कोल्हापुरात 31 जुलैला 27 व्या पायदळाने बंड केलं. साताऱ्यात रंगो बापूजींच्या कटाचा छडा लागला, आणि सप्टेंबरमध्ये गेंडामाळावर 17 जणांना मारलं गेलं. मुंबईत गोरी फौज अगदी तुटपुंजी उरली होती, कारण गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने हिंमत करून तिच्यातला बराच भाग उत्तरेला धाडला होता. शहरात देशी पलटणी तीन होत्या, 10 वी, 11 वी आणि मरीन बटालियन. लष्करी अधिकाऱ्यांचं मत असं, की धोका शहरातल्या मुसलमानांकडून आहे, आमचे शिपाई आमचे आहेत. पोलीस सुपरिंटेंडंट चार्ल्स फोर्जेटचं मत नेमकं उलटं. शहर शांत राहील, भीती आहे ती लाइनींची.

हा फोर्जेट हिंदुस्थानात वाढलेला, मराठी आणि हिंदुस्तानी घरच्यासारखी बोलणारा, रंगानेही वेशांतर खपवता येईल असा. तो वेश बदलून बाजारात, अड्ड्यांवर हिंडे. आपण पहारेकऱ्यांना चकवून गव्हर्नराच्या बंगल्यात शिरू शकतो, अशी त्याने एल्फिन्स्टनशी पैज लावली आणि झाडूवाला होऊन ती जिंकली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मुंबईकरांनी ती खरी मानली, आणि पोलिसाला तेवढंच पुरतं. पोलीस कचेरीच्या आवारात त्याने फाशीचा खांबही उभा करून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा.

ऑगस्टअखेरीस मोहरम आला. ताबुतांच्या दिवसांत 10 व्या पलटणीतल्या एका दारू प्यायलेल्या ख्रिस्ती ढोलवाल्याने हिंदूंच्या मिरवणुकीत धुडगूस घातला, पोलिसांनी त्याला धरलं, आणि त्याला सोडवायला पलटणीचे शिपाई लाइनीतून बाहेर पडले. फोर्जेट घोडा फेकत आला आणि एकटाच त्यांच्या समोर उभा ठाकला. मागून त्याचे घोडेस्वार पोलीस पोचले आणि प्रसंग टळला. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की भांडण सुरू झालं ढोलवाल्यावरून आणि त्यात शिपाई पुढे सरसावले. फोर्जेटची खात्री पटायला तेवढं बस्स होतं.

दिवाळी जवळ येत होती. सोनापुराजवळ, म्हणजे मरीन बटालियनच्या दाराशीच, गंगाप्रसाद नावाच्या माणसाचं घर होतं. तिथे रात्री शिपाई जमतात अशी खबर फोर्जेटला लागली. त्याने गंगाप्रसादला उचललं, दमात घेतलं आणि बोलतं केलं. मग शेजारच्या खोलीत बसून, भिंतीला पाडलेल्या भोकांतून, तो या बैठकी पाहू-ऐकू लागला. ऐकलं ते एवढं गंभीर होतं की उद्या लष्करवाले आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हे त्याने ओळखलं. म्हणून त्याने मरीन बटालियनचा मुख्य मेजर बॅरो यालाच सोबत आणलं आणि भोकाशी बसवलं. बॅरोने आत पाहिलं. कंदिलाच्या उजेडात बसलेली माणसं त्याच्याच पलटणीची होती. त्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना, असं फोर्जेटने पुढे लिहून ठेवलं आहे. त्याच्या सांगण्यानुसार बेत असा होता, की दिवाळीच्या गर्दीत उठायचं, शहर लुटायचं, पुण्याकडे निघायचं आणि नानासाहेबांची पेशवाई पुकारायची.

ही सगळी हकीकत भोकाच्या एका बाजूची आहे, हे विसरून चालत नाही. भोकापलीकडच्या माणसांची बाजू ऐकायची ती कोर्टमार्शलच्या कागदांतून, आणि ते कागद शिक्षा देणाऱ्यांनीच लिहिलेले. लुटीचा बेत किती आणि स्वराज्याचा किती, याचं प्रमाण फोर्जेटच्या हातात होतं, आणि त्याने लूट वर ठेवली. पोलिसाला ती समजते. तरी बैठका झाल्या, त्यांत दोन वेगवेगळ्या पलटणींचे शिपाई होते, आणि त्यांच्या मनात सरकारविषयी काय होतं हे स्पष्ट बोललं गेलं, यात मला शंका वाटत नाही.

खटला झटपट चालला. दोघांना मृत्युदंड झाला. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि 10 व्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया. ड्रिल हवालदार म्हणजे पलटणीतला सर्वांत भरवशाचा देशी माणूस. नव्या भरतीच्या पोरांना डावं-उजवं, बंदूक भरणं, पाय जुळवणं शिकवणारा. त्यालाच तोफेच्या तोंडी द्यायची वेळ यावी, यावरून सरकारच्या पायाखालची वाळू किती सरकली होती ते कळतं.

15 ऑक्टोबर 1857, दिवाळीच्या ऐन तोंडावर. जागा एस्प्लनेड, आजच्या आझाद मैदानाकडची बाजू. देशी पलटणी रांगेत उभ्या केल्या होत्या, त्यांनी पाहावं म्हणूनच हा देखावा होता. गोरे शिपाई आणि गोलंदाज सज्ज होते. तेरा वर्षांचा एक पारशी मुलगा शाळा सुटल्यावर गर्दीबरोबर तिथे पोचला. हा मुलगा म्हणजे पुढे 1901 साली काँग्रेसचा अध्यक्ष झालेला दिनशा वाच्छा. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्याने ते दृश्य नोंदवून ठेवलं आहे. दोघांना साखळ्यांनी तोफांच्या तोंडाला जखडलं होतं. हुकूम सुटला, तोफा धडाडल्या, आणि जळलेल्या मांसाचा वास मैदानभर पसरला. पोरं घाबरून घराकडे पळाली. साठ-बासष्ट वर्षांनी लिहिताना वाच्छांना तो वास आठवत होता, यावरून त्या मुलाच्या मनावर काय कोरलं गेलं असेल याचा अंदाज करावा.

मला यातली एक गोष्ट टोचते. आठ दशकं ही पलटण समुद्रावर उभी होती. धुळपांच्या पाण्यात, आखातात, बंदराबंदरांत तिने रात्री जागवल्या. तिच्या सुभेदार-जमादारांपैकी, रास अल-खैमाच्या वाळूत उतरलेल्यांपैकी कुणाचं नाव मुंबईच्या तोंडी राहिलं नाही. राहिलं ते एकाच माणसाचं, ज्याला सरकारने तोफेला बांधलं. शिक्षा द्यायची तर नाव लिहावं लागतं. पहारा द्यायला ते लागत नाही.

पलटण मात्र मोडली नाही. बंगालमध्ये रेजिमेंटींच्या रेजिमेंटी पुसल्या गेल्या, पण इथे दोघांवर भागवलं गेलं आणि मरीन बटालियन नव्या राजवटीत तशीच चालू राहिली. तिचा खरा शेवट कागदावर आला. 30 एप्रिल 1863 रोजी इंडियन नेव्ही बरखास्त झाली, हिंदुस्थानच्या समुद्राची राखण रॉयल नेव्हीने करायची ठरली, आणि रॉयल नेव्हीजवळ तिचे स्वतःचे गोरे मरीन होते. देशी शिपायाला जहाजावर जागाच उरली नाही. नाव मरीन, पण समुद्र नाही, अशी ही पलटण पुढची चाळीस वर्षं चालली. 1903 साली सरसेनापती किचनेरने सगळ्या पलटणींना नवे आकडे दिले तेव्हा मुंबईच्या क्रमांकांत 100 मिळवले गेले आणि 21 ची 121 झाली. त्याच वेळी ‘मरीन’ शब्दही गेला. 121 वी पायोनियर्स, म्हणजे एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात फावडं. रस्ते करायचे, पूल बांधायचे, खंदक खणायचे आणि वेळ पडली तर लढायचं. 1922 मध्ये ती दुसऱ्या बॉम्बे पायोनियर्सची दहावी बटालियन झाली, नवशिक्यांना तयार करणारी. 1933 साली सरकारने सगळेच पायोनियर्स मोडले. सॅपर्स तेच काम करतात, मग दुप्पट खर्च कशाला, हा हिशेब. त्यात चूक काढता येत नाही.

एका गोष्टीत मात्र काढता येते. समुद्रावरून जमिनीवर उतरणारं पायदळ हे वेगळं कसब आहे, ते ऐनवेळी शिकता येत नाही, हे मुंबई सरकारला 1777 साली कळलं होतं. स्वतंत्र भारताच्या नौदलाकडे 1961 साली असं पायदळ नव्हतं. गोवामुक्तीच्या मोहिमेत कारवारजवळचं अंजदीव बेट घ्यायचं ठरलं तेव्हा ‘त्रिशूल’ युद्धनौकेवरून होड्यांतून उतरवले गेले ते खलाशीच, हातात शस्त्रं देऊन तयार केलेले. 18 डिसेंबरच्या सकाळी किनाऱ्यावर पाय ठेवता ठेवता पोर्तुगीजांच्या मशीनगनी सुरू झाल्या. बेट दुसऱ्या दिवशी हाती आलं, पण नौदलाची 7 माणसं तिथे पडली. याच बेटावर तीनशे वर्षांपूर्वी अब्राहम शिपमनबरोबर आलेल्या इंग्रज शिपायांनी मुंबई ताब्यात मिळण्याची वाट पाहत तळ ठोकला होता. सुमारे चारशेंपैकी शंभर-सव्वाशे उरले, शिपमनही तिथेच मेला, आणि उरलेल्यांनी 1665 साली मुंबई घेतली. मुंबईतल्या इंग्रजी फौजेची सुरुवात त्या रोगट बेटावरून आलेल्या माणसांनी झाली.

नौदलाने स्वतःची अशी तुकडी 1987 साली काढली. तिला पुढे मरीन कमांडो म्हणू लागले, लोकांच्या तोंडी मार्कोस. त्यांचं काम छाप्याचं, मोजक्या माणसांचं, अचानक जाऊन परतण्याचं. फौज घेऊन किनारा धरून बसायचं काम अजूनही लष्कराच्याच पायदळाकडे आहे, आणि त्यासाठी त्याला नौदलाच्या जहाजांवर चढून सराव करावा लागतो.